पेसमेकर बसवल्यानंतरचे पहिले दिवस

पेसमेकर बसवण्याची शस्त्रक्रिया बहुधा तास-दीड तासात आटोपते. रुग्णाला सहसा पूर्ण भूल द्यावी लागत नाही. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या किंचित खाली, बहुतेक वेळा डाव्या बाजूस, त्वचा बधिर करतात, सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा छेद घेतात आणि त्यातून सारे काम उरकतात. एक-दोन दिवसांत रुग्ण घरी परततो. शस्त्रक्रिया म्हणून पाहिले तर ती लहानच म्हणावी लागेल. परंतु या लहानशा शस्त्रक्रियेनंतर कित्येकांचे आयुष्य विनाकारण आखडून जाते. जन्मभर सायकलवरून फिरलेला माणूस जिना चढायला कचरतो; गृहिणी मिक्सरला हात लावीनाशी होते; डावा हात महिनोन् महिने छातीशी धरून ठेवला जातो आणि अखेर हृदयाऐवजी खांद्यावरच उपचार करून घेण्याची पाळी येते.

याचे मुख्य कारण असे, की रुग्णालयातून निघताना ज्या सूचना दिल्या जातात त्यांत दोन निरनिराळ्या जातींची बंधने एकत्र मिसळलेली असतात. काही बंधने केवळ सहा-आठ आठवड्यांची असतात. काही कायमची असतात. पहिल्या प्रकारची पुष्कळ आहेत, दुसऱ्या प्रकारची थोडी. कोणते बंधन कशासाठी आहे हे न कळल्यामुळे रुग्ण एक तर सर्वच बंधने जन्मभर पाळू लागतो, नाही तर कंटाळून पंधराव्या दिवशीच सर्व सोडून देतो. या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट हिताची नाही.

बंधनांमागचे कारण समजण्यासाठी प्रथम या यंत्राचे काम पाहिले पाहिजे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या कर्णिकेत, विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंज असतो. त्यात आपोआप विद्युत्स्पंद उत्पन्न होतो. हा स्पंद दोन्ही कर्णिकांतून पसरतो, कर्णिका आणि खालचे कप्पे म्हणजे जवनिका यांच्या सीमेवरील दुसऱ्या एका पुंजापाशी क्षणभर थबकतो आणि मग खाली उतरून जवनिकांना आकुंचन पावायला लावतो. यांपैकी वरच्या पुंजाचा शोध आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या इंग्लंडमधील संशोधकांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. सीमेवरच्या पुंजाचे वर्णन त्याच्या आदल्याच वर्षी सुनाओ तवारा या जपानी शास्त्रज्ञाने जर्मनीतील मारबुर्ग येथे काम करीत असताना केले होते. या व्यवस्थेच्या जोरावर हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. वय वाढले, की कधी वरचा पुंज मंदावतो, तर कधी दोहोंमधील वाटच अडते. नाडी मिनिटाला चाळीसवर किंवा त्याच्याही खाली येते, मेंदूला पुरेसे रक्त मिळत नाही, घेरी येते आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

पेसमेकर या उणिवेची भरपाई करतो. टिटॅनियम धातूच्या चपट्या डबीत एक विद्युत्घट आणि एक सूक्ष्म विद्युतमंडल बंद केलेले असते. तिचे वजन साधारणपणे २० ते ३० ग्रॅम भरते. डबीतून निघणारी एक किंवा दोन तारा गळ्याच्या हाडामागच्या नीलेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरवलेल्या असतात. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते, की हे यंत्र हृदयाला रात्रंदिवस धक्के देत राहते. तसे सहसा नसते. यंत्र आधी ऐकते. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर पडला तर ते गप्प बसते. ठरवलेल्या वेळात ठोका पडला नाही तरच आपला स्पंद पाठवते. हा स्पंद इतका सौम्य असतो, की तो रुग्णाला जाणवत नाही. ज्यांची वाट पूर्णपणे अडलेली असते त्यांच्या बाबतीत यंत्राला जवळजवळ प्रत्येक ठोक्याला काम करावे लागते, तर काहींच्या बाबतीत दिवसातून थोडाच वेळ. आपण कोणत्या वर्गात मोडतो हे रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारून घ्यावे, कारण पुढील काही सूचनांचे महत्त्व त्यावर अवलंबून असते.

एवढे साधे वाटणारे हे काम माणसाला साधण्यापूर्वी मोठी खटपट करावी लागली. बॉस्टनमधील पॉल झोल यांनी १९५२ साली छातीवरील त्वचेतून विजेचे स्पंद देऊन थांबू पाहणारे हृदय चालू ठेवता येते हे दाखवले. पण त्यातील प्रत्येक स्पंद वेदनादायक असे. १९५७ साली मिनिआपोलिस येथील अर्ल बॅकन यांनी ट्रान्झिस्टर वापरून अंगावर बाळगता येईल असे घटावर चालणारे यंत्र तयार केले. त्यापूर्वीची यंत्रे भिंतीतल्या विजेवर चालत, आणि वीज गेली की रुग्णाच्या प्राणाशी गाठ पडे. शरीराच्या आत संपूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळील कारोलिन्स्का रुग्णालयात बसवण्यात आला. शल्यचिकित्सक होते ओके सेनिंग, यंत्र बनवले होते रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने, आणि रुग्ण होता त्रेचाळीस वर्षांचा आर्ने लार्सन. त्याची शुद्ध दिवसातून वीस-तीस वेळा हरपत असे. असे यंत्र अद्याप तयार नाही, असे सांगणाऱ्या या दोघांच्या पाठीस त्याची पत्नी एल्से-मारी हिने लागावे आणि त्यांच्याकडून ते करून घ्यावे, ही हकीकत वैद्यकाच्या इतिहासात मोठ्या आदराने सांगितली जाते. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ओतलेले ते यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे बसवावे लागले. पुढे तिसरे, चौथे. लार्सनच्या शरीरात एकंदर सव्वीस पेसमेकर बसले. तो २००१ सालापर्यंत जगला, शहाऐंशी वर्षांचा होऊन वारला, आणि तोही हृदयविकाराने नव्हे तर कर्करोगाने. मधल्या काळात त्याने काम केले, भरपूर प्रवास केला आणि आपल्यासारख्या रुग्णांच्या वतीने ठिकठिकाणी भाषणे दिली. सेनिंग व एल्मक्विस्ट हे दोघेही त्याच्या आधी निवर्तले.

लार्सनच्या वेळी छाती उघडून तारा हृदयावर बाहेरून शिवाव्या लागल्या होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सीमोर फर्मन यांनी नीलेतून तार हृदयात उतरवण्याची युक्ती प्रत्यक्षात आणली. आज जगभर मुख्यतः हीच पद्धत रूढ आहे. तिने छाती उघडण्याचे संकट टाळले; परंतु तिच्यामुळेच पहिल्या सहा आठवड्यांची ती सुप्रसिद्ध बंधनेही जन्माला आली.

कारण आता सर्व भिस्त तारेच्या टोकावर असते. हे टोक उजव्या जवनिकेच्या किंवा कर्णिकेच्या आतल्या भिंतीला लावलेले असते. काही तारांच्या टोकाला बारीक मळसूत्र असते व ते स्नायूत फिरवून बसवतात. काहींच्या टोकाला मऊ आकडे असतात व ते स्नायूच्या जाळीदार पृष्ठभागात अडकतात. दोन्ही प्रकारांत सुरुवातीची पकड केवळ यांत्रिक असते. ज्या भिंतीला हे टोक धरून आहे ती भिंत मिनिटाला साठ-सत्तर वेळा हलत असते, हे येथे ध्यानात घ्यावे. दिवस जातात तसतसे शरीर टोकाभोवती तंतुमय ऊतकाचे वेष्टन तयार करते. जखमेवर व्रण धरावा तसाच हा प्रकार असतो. हे वेष्टन पुरेसे घट्ट झाले, की मग तार सहसा हलत नाही. ही क्रिया पूर्ण व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. त्याआधी खांदा जोराने वर फेकला गेला तर नीलेतली तार ओढली जाऊन तिचे टोक निसटण्याचा संभव असतो. टोक निसटले, की स्पंद हृदयापर्यंत पोचत नाही, किंवा कधी पोचतो, कधी नाही. मग जुनी घेरी परत येते व पुन्हा शस्त्रक्रिया करून तार जागेवर बसवावी लागते.

म्हणून या काळात पेसमेकरच्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, आणि त्या हाताने चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये, असे सांगितले जाते. नियम सोपा आहे. पण तो मोडतो तो व्यायामशाळेत नव्हे, घरात मोडतो. उंच दांडीवर ओले कपडे वाळत घालताना, फळीवरचा डबा काढताना, विहिरीचे पोहरे ओढताना, केसांचा अंबाडा घालताना, बसमध्ये वरची दांडी पकडताना, आगगाडीच्या वरच्या बाकावर चढताना हात नकळत वर जातो. बस अचानक थांबली म्हणजे दांडी धरलेल्या हाताला बसणारा हिसका तर सर्वांत वाईट. सहा आठवड्यांपर्यंत अशी कामे दुसऱ्या हाताने करावी किंवा दुसऱ्यावर सोपवावी. सदरा घालताना आधी पेसमेकरच्या बाजूचा हात बाहीत घालावा; गळ्यातून ओढण्याच्या बनियनपेक्षा पुढून बटणे असलेले कपडे बरे. लहान नातवंड धावत येऊन अंगावर झेप घेते, तेव्हा आजोबांनी बसलेलेच असावे. भरलेली पिशवी किंवा शबनम त्या खांद्याला अडकवू नये. दंडाला धरून कोणी उठवू लागले तर त्यालाही समजावून सांगावे.

याच्या उलट चूकही तितकीच होते, किंबहुना वयस्क रुग्णांत ती अधिक आढळते. हात वर नेऊ नये या सूचनेचा अर्थ हात मुळीच हलवू नये असा घेतला जातो. हात झोळीत बांधून ठेवतात, कोपर शरीराला चिकटलेले राहते, आणि दोन महिन्यांनी बंधन सुटते तेव्हा खांदा वर जाण्यास साफ नकार देतो. सांधा आखडला म्हणजे तो मोकळा करण्यास महिनोगणती लागतात, आणि त्या वेदनेपुढे मूळ शस्त्रक्रियेचे दुखणे काहीच नसते. मधुमेह असलेल्यांना हा धोका जास्त असतो. यास्तव शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून खांद्याच्या पातळीखाली हात नेहमीसारखा वापरावा. जेवणे, लिहिणे, अंग धुणे, कणीक मळणे, चालताना हात सहज हलवणे यांना कसलाही प्रत्यवाय नाही. रात्री झोपेत हात वर गेला, म्हणून सकाळी घाबरून जाण्याचेही कारण नाही. झोपेतल्या हालचालीत सहसा हिसका नसतो.

आता जखमेविषयी. टाके आपोआप विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत. नसतील तर आठवड्या-दहा दिवसांनी काढतात. तोपर्यंत जागा कोरडी राखावी आणि तिच्यावर हळद, तेल, मलम यांपैकी काहीही आपल्या मनाने लावू नये. डबीच्या जागी त्वचा निळसर-पिवळी पडते व थोडी सूज येते. ही सूज दिवसेंदिवस उतरत गेली पाहिजे. ती वाढू लागली, जागा लाल व गरम झाली, टाक्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला किंवा ताप भरला, तर बसवणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावे. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. रक्त साकळून फुगलेली ती जागा गळू समजून जवळच्या दवाखान्यात सुई घालून रिकामी करून घेण्याचा मोह होतो. तसे कदापि करू देऊ नये. सुईबरोबर जंतू आत जाऊ शकतात, आणि डबीला एकदा जंतुसंसर्ग झाला म्हणजे प्रतिजैविक औषधांनी तो बहुधा हटत नाही. डबी व तारा सर्वच काढून टाकाव्या लागतात. सूज आली आहे आणि रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत आहे, अशा वेळी ती औषधे आपणहून बंद करणे हेही तितकेच धोक्याचे. तो निर्णय डॉक्टरांचा.

त्वचेखालचा उंचवटा सुरुवातीला विचित्र वाटतो. कृश माणसांत तो स्पष्ट दिसतो. स्त्रियांना पोलक्याची शिवण किंवा आतल्या कपड्याची पट्टी तेथे काचते. तेवढ्या जागी मऊ कापडाची घडी ठेवली तर त्रास कमी होतो. मोटारीतल्या सुरक्षापट्ट्याचेही तसेच करावे, पट्टा टाळू नये. उंचवट्याला बोटाने चाचपण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. काही जण तर डबी त्वचेखाली गोल फिरवीत बसतात. १९६८ साली कॅनडातील डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. डबी फिरवता फिरवता तार तिच्याभोवती गुंडाळली गेली होती व हृदयातून ओढली गेली होती. तेव्हापासून या प्रकाराला वैद्यकात स्वतंत्र नावच पडले आहे.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात रुग्णाचा सर्वांत मोठा उद्योग म्हणजे नाडी मोजणे. तो वाईट नाही, पण तो नीट समजून केला पाहिजे. यंत्रात एक किमान वेग ठरवलेला असतो, पुष्कळदा मिनिटाला ६०. त्याचा अर्थ नाडी सतत ६० राहील असा नाही. ती त्याखाली जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. चालल्यावर, जेवल्यावर, संतापल्यावर ती ८० किंवा १०० झाली तर हृदय आपले स्वाभाविक काम करीत आहे, किंवा शरीराची हालचाल ओळखून वेग वाढवणारे यंत्र आपले काम करीत आहे, असे समजावे. काही यंत्रांत रात्रीसाठी ५० असा वेगळा वेग ठेवलेला असतो. हे ठाऊक नसल्यामुळे मध्यरात्री नाडी मोजून सारे घर जागे करण्याचे प्रसंग घडतात. शिवाय अधूनमधून हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडतो. तो दुबळा असल्यामुळे मनगटापर्यंत पोचत नाही व मोजणीत एक-दोन ठोके कमी भरतात. म्हणून नाडी स्वस्थ बसून, पूर्ण एक मिनिट, दिवसातून एकदाच मोजावी. ती ठरलेल्या वेगाच्या बरीच खाली सातत्याने भरत असेल, आणि विशेषतः जोडीला घेरी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धाप असेल, तर मात्र वाट पाहू नये. थांबता न थांबणारी उचकी, अथवा छातीचा वा पोटाचा स्नायू ठोक्याच्या तालावर उडणे, हीदेखील कळवण्याची लक्षणे होत. स्पंद हृदयाऐवजी शेजारच्या मध्यपटलाकडे किंवा स्नायूकडे जात असल्याची ती खूण असते. कधी केवळ यंत्राची मांडणी बदलून ती दूर होते, तर कधी तार हलली आहे हे तिच्यामुळेच कळते.

उपकरणांची भीती हा तर स्वतंत्रच विषय आहे. पूर्वीच्या पेसमेकरना बाहेरच्या विद्युतक्षेत्रापासून पुरेसे संरक्षण नव्हते. त्या काळच्या इशाऱ्यांचे अवशेष आजही कानोकानी फिरत असतात. सुस्थितीतील मायक्रोवेव्ह भट्टी, दूरदर्शन संच, पंखा, मिक्सर, शीतकपाट, संगणक यांपासून आजच्या यंत्राला धोका नाही. मिक्सरसारखे मोटर असलेले उपकरण छातीशी धरू नये एवढेच. भ्रमणध्वनी वापरावा, मात्र तो पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. अलीकडच्या काही फोनच्या पाठीत लोहचुंबक बसवलेले असतात, म्हणून खिशाबद्दलचा हा नियम आता अधिकच महत्त्वाचा झाला आहे. लोहचुंबक डबीजवळ आला, की बहुतेक यंत्रे ऐकण्याचे काम सोडून ठरावीक वेगाने स्पंद देऊ लागतात; चुंबक दूर केला की पूर्ववत होतात. वैद्यकीय तपासणीत याचा मुद्दाम उपयोग करतात. परंतु चुंबकाच्या माळा, पट्टे, गाद्या इत्यादी जी आरोग्याच्या नावाखाली विकली जातात ती या रुग्णांनी घरात न आणणेच इष्ट. इंडक्शनच्या शेगडीपासून सुमारे दोन फूट अंतर राखावे असे पेसमेकर बनवणारे सांगतात. लहान स्वयंपाकघरात हे साधत नसेल, तर अशा रुग्णाने गॅसवर स्वयंपाक करावा हे उत्तम. धातुशोधक चौकटीतून न रेंगाळता सरळ निघून जावे, आणि हातातला शोधक छातीवर धरू नये असे ओळखपत्र दाखवून सांगावे. जोडकाम करणारे, मोठ्या जनित्रांजवळ किंवा विद्युतकेंद्रात काम करणारे यांनी मात्र कामावर रुजू होण्यापूर्वी आपल्या कामाचे नेमके स्वरूप डॉक्टरांना सांगितले पाहिजे. येथे सर्वांना एकच उत्तर लागू पडत नाही. वाहन चालवण्याचेही तसेच: कोणते वाहन, किती अंतर आणि आधी शुद्ध हरपत होती की नाही, यांवर ते ठरते.

खरी कायमची बंधने मुख्यतः रुग्णालयात लागू होतात, आणि तेथे ती रुग्णाने स्वतः बोलून दाखवावी लागतात. सांधेदुखीवर उच्च वारंवारतेच्या विद्युतलहरींनी शेक देण्याचा डायथर्मी नावाचा उपचार या रुग्णांना देऊ नये. चुंबकीय अनुनादाने शरीराचे चित्र घेणारी एमआरआय ही तपासणी एके काळी त्यांना सर्रास वर्ज्य होती. २००८ पासून तिला चालतील असे पेसमेकर उपलब्ध झाले. आपली डबी व तारा दोन्ही त्या जातीच्या आहेत काय, हे ओळखपत्रावरून ठरते, आणि तसे असले तरी तपासणीआधी यंत्राची मांडणी बदलून घ्यावी लागते. क्ष-किरण व सोनोग्राफी यांची भीती नाही.

मनाला जुळवून घेण्यास शरीरापेक्षा जास्त वेळ लागतो. घेरी येणारा माणूस आधीच प्रत्येक पावलाला घाबरलेला असतो. त्यात आता आपले हृदय एका घटावर चालते हा विचार भर घालतो. रात्री डाव्या कुशीवर झोपले, की ठोके कानात ऐकू येतात. घट अचानक संपला तर? वस्तुतः तो अचानक संपत नाही. पूर्वीचे पाऱ्याचे घट दोनेक वर्षांत क्षीण होत. १९७०च्या दशकात लिथियमचे घट आले, आणि आजचे यंत्र साधारणतः आठ ते बारा वर्षे चालते. घट उतरू लागल्याची सूचना तपासणीत कित्येक महिने आधी मिळते. दुसरी शंका रुग्ण सहसा कुटुंबीयांपाशी बोलत नाहीत, पण ती अनेकांच्या मनात असते: या यंत्रामुळे आपल्याला मरणही सुखाने येणार नाही की काय? तसे होत नाही. आयुष्य संपत आले म्हणजे हृदयाचा स्नायू स्पंदाला प्रतिसाद देईनासा होतो. मग यंत्राने कितीही स्पंद पाठवले तरी ठोका पडत नाही. मृत्यूनंतर दहन करावयाचे असेल तर डबी आधी काढून घ्यावी लागते, कारण बंद घट अग्नीत फुटतो. इंग्लंडमधील सोलिहल येथील दहनगृहात १९७६ साली असा स्फोट झाला होता. कुटुंबातील एका तरी माणसाला ही गोष्ट ठाऊक असावी. ती आधी बोलून ठेवण्यात अभद्र असे काही नाही.

कुटुंबीयांच्या प्रेमाचाही एक जाच होतो. रुग्णाच्या हातातली पिशवी काढून घेतली जाते, त्याला एकट्याने बाहेर पडू दिले जात नाही, त्याच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नाही. ज्यांची वाट पूर्ण अडलेली होती त्यांना शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात कितीतरी ताजेतवाने वाटते. अशांना बळेच अंथरुणावर ठेवणे म्हणजे शस्त्रक्रियेचा हेतूच विफल करणे होय. पहिल्या दिवसापासून चालावे, रोज थोडे वाढवावे. पोहणे, सूर्यनमस्कार, लाकडे फोडणे यांसाठी डॉक्टरांची संमती मिळेपर्यंत थांबावे. दांपत्यजीवनावर कायमचे बंधन नाही. प्रारंभी हातावर व छातीवर भार येऊ नये एवढेच पुरे. याच्या जोडीला हेही कुटुंबाने जाणावे, की पेसमेकर फक्त ठोक्यांची मंदगती दूर करतो. रक्तवाहिन्यांतील अडथळा, रक्तदाब, मधुमेह यांवर त्याचा काही परिणाम होत नाही. यंत्र बसले, आता गोळ्या कशाला, असे म्हणून औषधे बंद करणाऱ्यांची गत वाईट होते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांतली तपासणी पुष्कळ रुग्ण टाळतात, विशेषतः जे दूरच्या गावाहून मोठ्या शहरात येऊन शस्त्रक्रिया करून गेलेले असतात ते. काही त्रास नाही, मग प्रवासाचा खर्च कशाला, असा त्यांचा विचार असतो. पण ही तपासणी तक्रारीसाठी नसते. तारेचे टोक नवे असताना तेथील स्नायूला थोडा दाह होतो, आणि त्या काळात ठोका पाडण्यासाठी अधिक जोराचा स्पंद लागतो. टोकातून झिरपणाऱ्या स्टेरॉइड औषधाने हा दाह आता बराच कमी झाला आहे. तरीही डॉक्टर सुरुवातीला स्पंदाचा जोर मुद्दाम चढा ठेवतात. दाह शमल्यावर एवढ्या जोराची गरज उरत नाही. तपासणीत छातीवर एक यंत्र ठेवून नेमका किती जोर पुरतो हे पाहतात व तो कमी करतात. काही यंत्रे हे आपोआप करतात. जी करीत नाहीत त्यांत ही एक भेट चुकवली तर घट उगाचच अधिक खर्ची पडत राहतो, आणि पुढची शस्त्रक्रिया लवकर ओढवते. प्रत्येक कंपनीच्या पेसमेकरला तिचेच तपासणी-यंत्र लागते. म्हणून गावी परतण्यापूर्वी आपल्या पेसमेकरची कंपनी, नमुना-क्रमांक, बसवल्याची तारीख व ठरवलेला किमान वेग लिहिलेले ओळखपत्र मागून घ्यावे, त्याची एक प्रत घरी ठेवावी, आणि जवळच्या कोणत्या शहरात ते तपासणी-यंत्र मिळेल हे आधीच विचारून ठेवावे.

२०१६ पासून अमेरिकेत, आणि त्याआधीपासून अन्यत्रही, तारच नसलेला पेसमेकर वापरात आला आहे. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढे हे यंत्र मांडीच्या नीलेतून थेट जवनिकेत नेऊन बसवतात. छातीवर ना छेद ना उंचवटा. आणि हात वर न नेण्याचे बंधनही नाही, कारण ज्या तारेसाठी ते होते ती तारच येथे नाही. त्याऐवजी काही दिवस जांघेतील जखम सांभाळावी लागते. तो सर्वच रुग्णांना योग्य असतो असे नाही, व महागही आहे. म्हणून तारेचा पेसमेकर आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

तारेच्या पेसमेकरचा घट संपत आला म्हणजे डबी उघडून घट बदलत नाहीत. संपूर्ण डबीच बदलतात. त्याच जागी छेद घेऊन जुनी डबी काढतात, तारा तपासतात आणि त्या चांगल्या असतील तर त्याच नव्या डबीला जोडतात. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा सोपी असते. जखमेची काळजी पूर्वीसारखीच घ्यावी लागते. मात्र तारांची टोके हृदयात केव्हाच रुजलेली असल्यामुळे हाताला सहा आठवड्यांचे बंधन या वेळी लागत नाही.